बसचे प्रवासी गेले कुठे?

१९५२ सालचा ब्रिटन. महायुद्ध संपून सात वर्षं झालीत, साखर अजून रेशनवर मिळते आणि लोक हिंडतात ते बसने. त्या वर्षी तिथल्या माणसांनी चाकांवर जेवढं अंतर कापलं, त्यातलं ४२ टक्के बसमध्ये बसून किंवा दांडीला धरून कापलं. मोटारींच्या वाट्याला २७ टक्के, रेल्वेच्या वाट्याला साधारण १७ आणि सायकलींच्या वाट्याला तब्बल ११ टक्के. तोच तक्ता आज मांडला तर मोटार ८५ टक्क्यांच्या आसपास, रेल्वे दहाच्या अल्याडपल्याड आणि बस कशीबशी चार टक्के.

देशोदेशींच्या प्रवासाची चर्चा निघाली की मोटार आणि रेल्वे यांची कुस्ती लावून दिली जाते. अमेरिका मोटारीची, जपान रेल्वेचा, असं म्हणून आपण मोकळे होतो. आकडे जरा निवांत पाहिले तर निराळंच दिसतं. मोटार आली तेव्हा रेल्वेला धक्का बसला खरा, पण बऱ्याच देशांत ती सावरली, काही ठिकाणी तर पूर्वीपेक्षा तगडी झाली. जवळपास सगळीकडे मार खाल्ला तो बसने. आणि त्याबद्दल फारशी आरडाओरडही झाली नाही, कारण बससेवा एका दिवसात बंद पडत नाही. आधी रात्रीची फेरी जाते, मग रविवारची, मग दुपारची. शेवटची फेरी बंद होते तेव्हा तिच्यात बसणारं कुणी उरलेलंच नसतं.

हा सगळा हिशेब प्रवासी-किलोमीटरमध्ये मांडतात. पुण्याहून नगरला, म्हणजे साधारण १२० किलोमीटर, एसटीने चाळीस माणसं गेली तर ४,८०० प्रवासी-किलोमीटर झाले. त्याच रस्त्याने एकटा माणूस मोटार हाकत गेला तर १२०. माप सोयीचं आहे, पण त्याचा काटा लांब जाणाऱ्याकडे झुकलेला असतो. कोविडच्या आधी ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे १७५ कोटी रेल्वेप्रवास होत आणि बसचे सुमारे ४८० कोटी. म्हणजे बसचे अडीच पटींहून जास्त. पण ते प्रवास बाजाराला, दवाखान्यात, शाळेत जायचे, दोन-चार मैलांचे. किलोमीटरच्या हिशेबात त्यांचं वजनच पडत नाही. सरकारदरबारी फिरतो तो तक्ता मात्र किलोमीटरचा असतो. आणि तो वाचणारे साहेब स्वतः बहुधा रेल्वेने किंवा मोटारीने कचेरीत आलेले असतात, हे सोडूनच द्या.

आता बसचे प्रवासी गेले कुठे? सोपं उत्तर, मोटारीत. पण ब्रिटनचेच आकडे पुढे ठेवून वजाबाकी करून पाहा. १९५२ मध्ये बसचे ९,२०० कोटी प्रवासी-किलोमीटर होते, कोविडच्या तोंडावर साडेतीन हजार कोटींच्या आसपास उरले. गेले साडेपाच हजार कोटींच्या घरात. मोटारीचे त्याच काळात ५,८०० कोटींवरून ६५,००० कोटींच्या वर गेले. बसमधून उतरलेला प्रत्येक जण मोटारीत जाऊन बसला असं धरलं, तरी मोटारीच्या वाढीतला जेमतेम दहावा हिस्सा त्यातून भरतो. बाकीचा प्रवास आधी कुणी करतच नव्हतं.

याचा उलगडा १९७० च्या दशकात याकोव झहावी या संशोधकाने जागतिक बँकेसाठी काम करताना केला. निरनिराळ्या शहरांतली माणसं प्रवासात किती वेळ घालवतात हे तो तपासत होता. शहर श्रीमंत असो की गरीब, माणशी रोजचा सरासरी वेळ तासाभराच्या आसपासच घुटमळत होता. पुढे चेझारे मार्केत्ती या इटालियन शास्त्रज्ञाने हीच कल्पना इतिहासात मागे नेली आणि ती त्याच्याच नावाने प्रसिद्ध झाली. थोडक्यात, वाहन वेगवान झालं की माणूस वेळ वाचवत नाही, तेवढ्याच वेळात आणखी लांब जातो. घर लांब घेतो, नोकरी लांब धरतो. दुकानं शहराबाहेरच्या मोठ्या मॉलमध्ये जातात, कारण गिऱ्हाईक तिथवर येऊ शकतं. मग ज्याच्याकडे मोटार नाही त्याची पंचाईत होते. पूर्वी त्याची दुकानं बसच्या टप्प्यात होती. आता ती तिथे नाहीत.

ही वाढ अमर्याद चालेल असं बरीच वर्षं गृहीत धरलं जात होतं. तसं झालं नाही. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जपान अशा देशांत माणशी मोटारप्रवास २००५ च्या मागेपुढे थबकला, कुठे थोडा उतरलाही. इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला १७ ते २० वयाच्या जवळपास निम्म्या मुलामुलींकडे मोटारीचा परवाना होता. वीस वर्षांनी तो तिघांतल्या एकाकडेही नव्हता. विम्याचे चढे हप्ते, उशिरा मिळणाऱ्या नोकऱ्या, शहरात राहण्याचा कल अशी कारणं त्यामागे सांगतात. ब्रिटिश रेल्वे सावरली त्याचंही एक कारण इथे सापडतं. १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख डॉ. बीचिंग यांच्या अहवालाने २,३६३ स्थानकं बंद करावीत असं सुचवलं होतं आणि त्यातली बरीचशी बंद झालीही. १९८२ मध्ये वर्षाचे रेल्वेप्रवास ६३ कोटींवर घसरले होते. तेच २०१८-१९ मध्ये १७५ कोटींवर गेले. श्रेय खासगीकरणाचं की लंडनमधल्या वाढत्या नोकऱ्यांचं, यावर तिथे अजून वाद झडतात. दरम्यान २०२५ पासून गाड्या चालवण्याचं काम एकेक करून पुन्हा सरकारकडे येऊ लागलं आहे.

बीचिंग यांच्या अहवालाची एक बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. रेल्वे काढली तिथे बस देऊ, असं लोकांना सांगितलं होतं. दिलीही. पण ती गावोगावी वळसे घालत रेल्वेच्या दुप्पट वेळ घेई, तिला प्रवासी मिळेनात, आणि काही वर्षांत बऱ्याच ठिकाणी तीही निघून गेली.

बसचं दुखणं असं की तिला स्वतःचा रस्ता नसतो. रेल्वेपुढे मोटार आडवी येत नाही. बसपुढे येते. मोटारी वाढल्या की रस्ता तुंबतो, बस रखडते. रखडली की तेवढ्याच गाड्यांत फेऱ्या कमी होतात. फेऱ्या कमी झाल्या की थांब्यावर ताटकळणारे कंटाळून दुसरी सोय बघतात, एसटीच्या भाषेत भारमान घटतं. भारमान घटलं की भाडं वाढतं, आणखी काही जण गळतात आणि त्यातले काही मोटार घेऊन त्याच रस्त्यावर येतात. या चक्रात चूक कुणा एकाची नसते, म्हणून ते थांबवायलाही कुणी पुढे येत नाही.

त्यात एक बारीक गोष्ट. १९६० नंतर ब्रिटनमध्ये खर्च वाचवायला कंडक्टर काढून टाकायला सुरुवात झाली. तिकीट चालकानेच द्यायचं. कागदावर बचत झाली, पण प्रत्येक थांब्यावर बस उभी राहू लागली. आजीबाई पर्समधून नाणी शोधताहेत, मागे रांग, चालक सुटे मोजतोय, सुटायचा पत्ता नाही. आपल्याकडे कंडक्टर डबल बेल मारतो आणि तिकिटं चालत्या गाडीत फाडली जातात. सुट्ट्या पैशांवरून जी काय वादावादी व्हायची ती गाडी पळत असताना होते. कंडक्टरचा पगार डोळ्यांना दिसतो. थांब्याथांब्यावर सांडलेले सेकंद कुठल्या वहीत लिहिले जात नाहीत.

ब्रिटनच्या बसला खरा दणका बसला २६ ऑक्टोबर १९८६ ला. त्या दिवशी लंडन वगळता इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये बसचा बाजार मोकळा झाला. परवाना असलेल्या कुणीही यावं, सहा आठवड्यांची नोटीस द्यावी आणि हव्या त्या मार्गावर बस चालवावी. स्पर्धेने सेवा सुधारेल असा थॅचर सरकारचा होरा होता. झालं असं की चालू मार्गांवर एकापुढे एक बस धावू लागल्या आणि बाकीचे मार्ग ओस पडले. डार्लिंग्टन या गावात १९९४ मध्ये एका बड्या कंपनीने फुकट बस चालवून नगरपालिकेची बससेवाच झोपवली. लंडनला मात्र वेगळं ठेवलं होतं. तिथे बस खासगी कंपन्याच चालवतात, पण मार्ग, वेळापत्रक आणि भाडं सरकारी यंत्रणा ठरवते. १९८५ च्या सुमारास लंडनमध्ये वर्षाला ११५ कोटी बसप्रवास होत, २०१३-१४ पर्यंत ते दुप्पट झाले. त्याच काळात मँचेस्टर, लिव्हरपूल, शेफील्डसारख्या शहरांतले निम्म्याहून कमी झाले. एकच देश, तीच माणसं, त्याच मोटारी. आज इंग्लंडमधल्या निम्म्याच्या आसपास बसप्रवास एकट्या लंडनमध्ये होतात. ‘लोक श्रीमंत झाले की बस सोडतात’ असं म्हणणाऱ्याला हा दाखला पुरेसा आहे, कारण लंडन काही मँचेस्टरहून गरीब नाही.

मँचेस्टरने शेवटी लंडनचा कित्ता गिरवला. सप्टेंबर २०२३ मध्ये बोल्टन आणि विगन भागापासून सुरुवात करून जानेवारी २०२५ पर्यंत साऱ्या बस महानगराच्या ताब्यात आल्या. त्या आता पिवळ्या रंगात धावतात. मधमाशी हे त्या शहराचं जुनं चिन्ह, त्यावरून या सेवेला ‘बी नेटवर्क’ म्हणतात.

ब्रिटनच्या बाहेर काय? जपानमध्ये आजही एकूण प्रवासाचा मोठा वाटा रेल्वे उचलते. १९६४ ची शिंकान्सेन सगळ्यांना ठाऊक असते. त्याच्या दोन वर्षं आधीचा एक कायदा कमी ठाऊक आहे. मोटार उभी करायला स्वतःची जागा आहे असा दाखला दिल्याशिवाय मोटारीची नोंदणी होत नाही. शिवाय तिथल्या खासगी रेल्वे कंपन्या रुळांलगत घरं बांधतात, स्थानकावर डिपार्टमेंट स्टोअर काढतात. ओसाकाच्या हांक्यू रेल्वेच्या इचिझो कोबायाशी यांनी तर मार्गाच्या शेवटच्या स्थानकावर नाट्यमंडळी उभी केली, लोकांनी निदान नाटकाला तरी रेल्वेने यावं म्हणून. पण त्याच जपानमध्ये बसचे प्रवासी १९७० च्या सुमारास शिगेला पोचले आणि पुढे निम्म्याहून खाली आले. खेड्यापाड्यांत आता चालक मिळत नाहीत म्हणून मार्ग बंद होतात.

चीनमध्ये ही गोष्ट वेगाने घडली. २००८ मध्ये बीजिंग ते तियांजिन ही पहिली नव्या धर्तीची अतिवेगवान रेल्वे सुरू झाली, २०२४ संपताना हे जाळं ४८,००० किलोमीटरचं झालं होतं. मोटारींचा जगातला सगळ्यात मोठा बाजारही २००९ पासून तिथेच आहे. या दोघांच्या मधे लांब पल्ल्याच्या बस चिरडल्या गेल्या आणि अनेक शहरांतली बसस्थानकं ओस पडली.

अमेरिकेबद्दल एकच तुलना पुरे. तिथली राष्ट्रीय प्रवासी रेल्वे, ॲमट्रॅक, २०१९ साली वर्षभरात सव्वातीन कोटी प्रवासी नेऊन विक्रम केला म्हणून खूश होती. मुंबईच्या लोकल तेवढे प्रवासी चार-पाच दिवसांत नेतात. अर्थात हा मुकाबला समान नाही, कारण ॲमट्रॅकचे प्रवासी शेकडो मैल जातात, आणि अमेरिकन रेल्वेचं खरं बळ मालगाड्यांत आहे. पण बसचं सांगायचं तर त्या देशातला सगळ्यात मोठा ताफा शाळेच्या पिवळ्या बसचा आहे, साडेचार लाखांहून जास्त. बस ही परवाना मिळेपर्यंत वापरायची गोष्ट, असं तिथलं मूल शाळेतच शिकतं.

बसने मार खाल्ला नाही असेही देश आहेत, आणि ते पाहण्यासारखे आहेत. मेक्सिकोमध्ये १९९० च्या दशकात रेल्वेचं खासगीकरण झालं, प्रवासी गाड्या जवळजवळ संपल्या आणि लांबचा प्रवास आलिशान बसकडे गेला. तुर्कस्तानात १९५० नंतर सगळा जोर रस्त्यांवर राहिला, तेव्हा इस्तंबूलहून अनातोलियात जायचं म्हणजे बसनेच. तिथल्या बसमध्ये एक सेवक असतो. गाडी सुटली की तो ओळीओळीने फिरतो, प्रत्येकाच्या ओंजळीत लिंबाच्या वासाचं कोलोन्या ओततो, मग चहा आणि बिस्किटं आणतो. ओळख नसलेल्या बाई आणि पुरुषाला शेजारी बसवायचं नाही, हा तिकीट देतानाचा रिवाज. जर्मनीत मात्र उलटा कारभार होता. रेल्वेचे प्रवासी पळतील म्हणून लांब पल्ल्याच्या बसवर १९३० च्या दशकापासून निर्बंध होते, ते उठले थेट जानेवारी २०१३ मध्ये.

शहरातल्या बसला स्वतःचा रस्ता दिला तर काय होतं हे कोलंबियातल्या बोगोटाने डिसेंबर २००० पासून दाखवलं. रस्त्याच्या मधोमध बससाठी राखीव मार्ग, फलाट बसच्या पायरीइतका उंच, तिकीट फलाटावर येतानाच फाडलेलं, बस लागली की चार-पाच दारं एकदम उघडतात. कंडक्टर काढल्याने ब्रिटनमध्ये जो वेळ सांडला, तो इथे फलाट बांधून वसूल केला. एका दिशेने तासाला चाळीस हजारांवर माणसं या बस नेतात. बऱ्याच मेट्रोंना हे जमत नाही. आता त्यांत श्वास घ्यायला जागा नसते ही तक्रार आहे, आणि शहर मेट्रो बांधायला लागलं आहे.

आपल्या पुण्याने हा प्रयोग देशात सगळ्यात आधी केला. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर. पण उंच फलाट, आधी तिकीट, भरपूर गाड्या हे सगळं एकदम आलं नाही. आली ती फक्त रंगवलेली मार्गिका, आणि तिच्यात दुचाकी घुसल्या. पुढे नगर रस्त्यावरचीही मार्गिका उखडली गेली. दिल्लीने २००८ मध्ये बांधलेली २०१६ मध्ये तोडली. शेजारच्या मार्गिकेत अडकलेल्या मोटारवाल्यांना रिकामी दिसणारी बसची मार्गिका सहन होत नाही. त्यातून मिनिटाला एक बस गेली तरी मधली पन्नास सेकंदं ती रिकामीच दिसणार, हे त्यांना समजावून सांगायला कुणी धजलं नाही. अहमदाबादची २००९ पासून चालू आहे.

सगळ्यात शहाणपणाची बस मला स्वित्झर्लंडची वाटते, आणि तिथे तर तिला वेगळा रस्ताही नाही. १९८२ पासून तिथल्या गाड्या तासातासाने, घड्याळाच्या त्याच मिनिटाला सुटतात. १९८७ मध्ये लोकांनी सार्वमताने ‘रेल्वे २०००’ योजनेला कौल दिला. तिचं सूत्र असं की मोठ्या स्थानकांमधलं अंतर तासाच्या थोडं आतच कापायचं. झुरिच ते बर्न ही गाडी २००४ पासून तासाच्या आत जाते. ती आणखी पळवून काही मिळवायचं नव्हतं. गाड्या चारी दिशांनी तासाच्या ठोक्याला एकत्र याव्यात, माणसांनी फलाट ओलांडावा आणि सगळ्या गाड्या पुन्हा आपापल्या वाटेने सुटाव्यात, एवढ्यासाठी हा खटाटोप. या साखळीचा शेवटचा दुवा म्हणजे टपाल खात्याची पिवळी बस. डोंगरातल्या छोट्या स्थानकावर उतरा, ती बाहेर उभी असते आणि पाच-सात मिनिटांत निघते. घाटातल्या आंधळ्या वळणावर तिचा तीन सुरांचा भोंगा वाजतो, तोही रॉसिनीच्या ‘विल्यम टेल’मधून उचललेला. वर्षभराचा पास काढलेला माणूस त्या बसमध्ये चढताना खिशात हातसुद्धा घालत नाही.

लक्झेंबर्गने त्याच्या पुढची पायरी गाठली. २९ फेब्रुवारी २०२० पासून देशभर बस, ट्राम, रेल्वे फुकट. तरी माणशी मोटारींत तो देश युरोपात वरच्या नंबरावर आहे. भाड्याने माणूस एकदा चढतो, रोज चढतो तो फेऱ्यांमुळे.

भारताची कथा ब्रिटनच्या नेमकी उलटी सुरू झाली. १९५०-५१ मध्ये मोजल्या गेलेल्या प्रवासाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग रेल्वेने होत होता. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत तो पंधरा टक्क्यांच्या आसपास आला. पण रेल्वेचे प्रवासी इथे मोटारीने पळवले नाहीत, बसने पळवले. वर हिशेबाला घेतलेला पुणे–नगर हाच तो रस्ता. १ जून १९४८ ला राज्य परिवहनाची पहिली गाडी त्यावर धावली. मग रस्ता जाईल तिथे एसटी गेली, आणि मुक्कामी गाडीच्या चालक-वाहकाला गावच्या देवळात अंथरूण मिळू लागलं. ब्रिटनमध्ये बस उताराला लागली तेव्हा इथे ती चढणीवर होती.

इथे बसला गाठलं ते दुचाकीने. २०११ च्या जनगणनेत विचारलं गेलं की कामाला कसे जाता. शेतीबाहेरच्या शंभर कामकऱ्यांमागे तिसाच्या आसपास लोकांना प्रवासच करावा लागत नव्हता, बावीस-तेवीस जण पायी जात, तेरा सायकलने, तेरा दुचाकीने, अकरा बसने आणि मोटारीने तिघेच. भारतातला ‘मोटारीचा प्रश्न’ म्हणून जे वर्तमानपत्रांत चालतं ते या तिघांचं दुखणं असतं. गोवा तेवढा वेगळा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत तिथल्या ४५ टक्के घरांत मोटार होती, देशात सगळ्यात जास्त. पैसा आहे हे एक कारण, आणि अंधार पडल्यावर बस मिळेल याचा भरवसा नाही हे दुसरं.

महाराष्ट्राने १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलं. त्याच्या आधी, ऑगस्ट २०२२ पासून, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला होता. बायकांची संख्या लगोलग वाढली. माझा अंदाज असा की यातल्या फार थोड्या जणी दुचाकीवरून उतरून एसटीत आल्या. पुष्कळशा आधी घरीच राहत होत्या. माहेर, तालुक्याचा दवाखाना, आठवड्याचा बाजार, लेकीच्या कॉलेजचा दाखला, ही कामं एकतर पुढे ढकलली जात किंवा घरातला पुरुष करून येई. ब्रिटनमध्ये मोटारीने जसा नवा प्रवास जन्माला घातला, तसा इथे अर्ध्या तिकिटाने घातला. अडचण ताफ्याची आहे. कोविड आणि २०२१-२२ चा लांबलेला संप यानंतर जुन्या गाड्या मोडीत गेल्या आणि तेवढ्या नव्या वेळेवर आल्या नाहीत. चारची एसटी खचाखच भरून न थांबताच निघून जाते, पुढची सहाला. मधल्या दोन तासांत फाट्यावर वडापवाला सीटा भरत उभा असतो, आणि त्याच्याकडे अर्धं तिकीट नसतं.